दिव्याचा आढावा

अनिरुद्ध खांबेटेला नोकरीवरून काढलं, तेव्हा काढणाऱ्या मुलीला त्यानेच मदत केली. व्हिडिओ कॉलवर ती एचआरची मुलगी चाचरत होती. "कंपनीची नव्याने रचना होत आहे" इथपर्यंत आली आणि पुढचं विसरली. अनिरुद्धने हळूच सांगितलं, "हा निर्णय तुमच्या कामगिरीवर आधारित नाही, असं आहे पुढे." ते वाक्य त्याला पाठ होतं, कारण गेल्या दोन वर्षांत त्याने स्वतः कितीतरी जणांना ते ऐकवलं होतं. मुलीने मनापासून आभार मानले. कॉल संपल्यावर त्याला आधी वाटलं, छान बोललो आपण. मग लक्षात आलं, की उद्यापासून बोलायला जागाच नाही.

हिंजवडीच्या त्या कंपनीत त्याची सव्वीस वर्षं गेली होती. सुरुवातीला काही वर्षं त्याने खरोखर प्रोग्रॅम लिहिले. मग कोणीतरी त्याच्यातला नेता ओळखला आणि तेव्हापासून त्याने कोडच्या एका ओळीलाही हात लावला नव्हता. इतरांच्या कामाला रंग देणं हे त्याचं काम झालं. दर सोमवारी एक तक्ता असे. काम बुडालं की लाल, बुडायच्या बेतात असलं की अँबर, नीट चाललं की हिरवं. पिवळा म्हणायचं नाही, अँबरच म्हणायचं. पिवळा म्हणणारा माणूस तिथे वर चढत नसे. लालचा अँबर आणि अँबरचा हिरवा करण्यात अनिरुद्धचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्यासाठी मूळ कामात काही बदल व्हावा लागतो असा त्याचा कधीही गैरसमज नव्हता.

त्याची बायको सुनीती कॉलेजात गणित शिकवायची. तिला त्याने सांगितलं, की सध्या आपण जरा थांबून विचार करतो आहोत. "कर की," ती म्हणाली. "फक्त विचार करताना गिझर चालू ठेवू नकोस."

बाणेरच्या एका लहानशा कंपनीत त्याला मुलाखतीला बोलावलं. समोर तिशीचा मुलगा, पायात साध्या चपला. त्याने विचारलं, की सर, अलीकडे स्वतःच्या हाताने काय बनवलंत? अनिरुद्ध म्हणाला, "टीम." मुलाने आणखी काही येतंय का म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग पाणी हवंय का विचारलं.

ही हकीकत त्याने घरी हसत हसत सांगितली. सुनीती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरातून पडलेलं एक गुळगुळीत पत्रक तिने त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवलं. 'फ्युचर गुरुकुल रोबोटिक्स अँड एआय अकॅडमी. छोट्या बोर्डावर रंगीत दिवा स्वतः प्रोग्रॅम करायला शिका. अगदी नवशिक्यांसाठी. वयाची अट नाही. दर रविवारी, मार्केट यार्डाच्या मागे.'

अनिरुद्धला आधी अपमान वाटला. मग कल्पना सुचली. नोकरदारांच्या त्या नेहमीच्या साइटवर त्याने लिहून टाकलं, की सव्वीस वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हा विद्यार्थी व्हायला वेगळंच धैर्य लागतं. मी हार्डवेअरच्या जगात पाऊल ठेवतो आहे. संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचा पाऊस पडला. ज्यांना त्याने ते पाठ केलेलं वाक्य ऐकवलं होतं, त्यांतल्याही दोघांनी अंगठा दाखवला. आता जाणं भाग होतं.

क्लास रविराज नावाच्या गृहस्थाच्या इमारतीत होता. रविराजच्या घराण्याची कात्रजकडची जमीन कधीच शहराने गिळली होती आणि वडिलांचा कांदा-बटाट्याचा घाऊक धंदा खालच्या मजल्यावर अजून चालू होता. रविराजला मात्र शिक्षणक्षेत्रात उतरायचं होतं, म्हणून तो वरच्या मजल्यावर चढला होता. जिन्यात कांद्याचा वास आणि भिंतीवर मोठा फलक. त्यावर एक यंत्रमानव आणि रविराज, दोघेही हात जोडून. रविराज आकाराने मोठा होता.

आपल्यासारखे दहाबारा अनुभवी लोक असतील अशा समजुतीने अनिरुद्धने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत सगळी आठ ते अकरा वर्षांची मुलं होती. खुर्च्याही त्याच मापाच्या. तो परत फिरणार, एवढ्यात शिकवणारी मुलगी पुढे आली. तिचं नाव अपूर्वा, नुकतीच इंजिनिअर झालेली, केस पेन्सिलीने वर बांधलेले. तिने त्याच्या शर्टावर 'अनिरुद्ध' लिहिलेलं स्टिकर चिकटवलं, हातात एक डबी दिली आणि म्हणाली, "बसा काका. गुडघे जरा बाजूला घ्या, म्हणजे टेबल हलणार नाही."

डबीत एक निळं बोर्ड, काही वायरी आणि एक इवलासा एलईडी होता. अपूर्वाने तो उचलून दाखवला. दिसायला एक दिवा, पण पोटात तीन आहेत, लाल, हिरवा आणि निळा. पाय चार. सगळ्यांत लांब पाय तिघांचा सामाईक, बाकीचे एकेका रंगाचे. प्रत्येक रंगाला किती उजेड द्यायचा ते आकड्यात सांगायचं, शून्य म्हणजे बंद आणि दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण. तिघांना कमीजास्त करा, जगातला कुठलाही रंग तयार होतो. आणि प्रत्येक रंगाच्या पायाला एक रेझिस्टर लावायचाच, नाहीतर जास्त वीज जाऊन दिवा मरतो.

एवढं सांगायला तिला पाच मिनिटं लागली आणि मुलं लगेच कामाला भिडली. अनिरुद्धला हे फारच उरकल्यासारखं वाटलं. उद्दिष्टं नाहीत, टप्पे नाहीत. रेझिस्टर हा प्रकार त्याला ऐच्छिक वाटला. त्याने वायर थेट जोडली. दिवा डोळे दिपवणारा लाल झाला आणि विझला. एक बारीकसा वास आला, कांद्याहून वेगळा.

शेजारी गंधार नावाचा नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, मेला तो."

"मी जाणूनबुजून जोखीम घेतली होती," अनिरुद्ध म्हणाला.

गंधारने आपल्याकडचा जादा दिवा त्याच्यासमोर ठेवला आणि न विचारता रेझिस्टरही.

पुढच्या दोन रविवारांत अनिरुद्धने आणखी काही दिवे मारले. त्याचा लाल म्हटला की हिरवा लागायचा, हिरवा म्हटला की काहीच नाही. वायर कुठे गेली हे शोधायला मान खाली घालावी लागे, आणि मान खाली घालण्याची सवय मोडून बरीच वर्षं झाली होती. पण एक गोष्ट त्याच्या अनुभवी नजरेतून सुटली नाही. या वर्गात कोण कुठवर आलंय याचा कोणाला पत्ताच नव्हता. ज्याचा दिवा लागे तो ओरडे, एवढीच व्यवस्था. तिसऱ्या रविवारी त्याने अपूर्वाला विचारलं, की सुरुवातीला पाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहून आपापली प्रगती सांगितली तर? तिला वाटलं, मुलांचे पाय मोकळे होतील. ती हो म्हणाली.

पाच मिनिटांची वीस झाली. मग भिंतीवर तक्ता आला. प्रत्येकाचं नाव आणि पुढे चौकोन: लाल, अँबर, हिरवा. गंधारला त्याने 'वायरिंग प्रमुख' केलं. रविराजची मुलगी राजनंदिनीही वर्गात होती. ती हुशार होती आणि शिवाय रविराजची मुलगी होती, म्हणून तिला 'रंग नियोजन प्रमुख' केलं. मुलांना पदं आवडली. पद मिळाल्यावर वायर जोडायला दुसऱ्याला सांगायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. राजनंदिनी तर दुसऱ्याच आठवड्यात म्हणू लागली, की तिच्या बाजूने काम झालेलं आहे.

चौकोन रंगवायला खडू होते आणि ते दिव्यापेक्षा सोपे होते. बघता बघता तक्ता हिरवागार झाला. अनिरुद्ध दर रविवारी त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू लागला. पालक हरखले. आतापर्यंत त्यांना घरी येऊन मुलं फक्त "दिवा लागला" एवढंच सांगत. आता आपलं मूल नेमकं कुठल्या चौकोनात आहे ते कळू लागलं. ज्यांचं अँबर होतं त्यांनी घरी शिकवणी लावायची का, असं विचारलं.

अपूर्वाने एका रविवारी वर्ग संपल्यावर त्याला थांबवलं. "काका, तक्त्यावर सगळे हिरवे आहेत. टेबलावर दोनच दिवे लागतायत."

त्याने तिला समजावून सांगितलं, की हिरवा म्हणजे झालं असं नव्हे. हिरवा म्हणजे होण्याच्या मार्गावर आहे.

"पण दिवा लागला की लागलेला दिसतो," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच तर दिवा असतो. त्याला वेगळा तक्ता कशाला?"

तिला संस्था म्हणजे काय ते कळत नव्हतं. वय लहान होतं. अनिरुद्धने ते मनावर घेतलं नाही.

मनावर त्याने वेगळीच गोष्ट घेतली. अपूर्वाने सगळ्यांना घरचा अभ्यास दिला होता, की सिग्नलच्या मधल्या दिव्याचा रंग करून आणा. म्हणजे अँबर. हा रंग तर त्याच्या घरचा. गुरुवारी दुपारी सुनीती कॉलेजात असताना तो बाल्कनीत लॅपटॉप आणि बोर्ड घेऊन बसला. लाल पूर्ण दिला, हिरवा पूर्ण दिला. कावीळ झालेल्या लिंबासारखा काहीतरी उजेड पडला. निळा थोडा घातला, तर आजार वाढला. त्याने वायरी काढल्या, पुन्हा लावल्या. लांब पाय नेमका कुठे गेलाय ते चष्मा कपाळावर ढकलून, नाक बोर्डाला लावून पाहिलं. खालून सोसायटीतला वॉचमन वर बघत होता, याचंही त्याला भान राहिलं नाही.

मग त्याने लाल तसाच ठेवून हिरवा कमी करायला सुरुवात केली. दोनशे, दीडशे, शंभर. लिंबू पिकत गेलं. ऐंशीवर आला आणि तो रंग समोर उभा राहिला. उबदार, दाट, मधासारखा. आयुष्यभर त्याने तो शब्द उच्चारला होता, किती लोकांच्या नावापुढे ठेवला होता. पण तो रंग असा दिसतो, याकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने हाताची ओंजळ करून दिव्यावर धरली. बोटांच्या कडा तांबूस झाल्या. त्याला हसू आलं आणि सुनीतीला फोन करावासा वाटला. ती तासावर असेल म्हणून त्याने केला नाही. नुसता बघत बसला.

तेवढ्यात रविराजचा फोन आला. पालकांचा मोठा मेळावा घ्यायचा होता, कात्रजला, त्यांच्याच मंगल कार्यालयात. "सर, ग्रुपवर लोकं नुसती खूश हायेत. मॅडम चांगल्या हायेत, पण त्यांना सांगता येत न्हाई. तुम्ही जरा हातात घ्या की." अनिरुद्ध उठून उभा राहिला, महत्त्वाच्या फोनला तो नेहमी उभा राही. स्लाइड आजच सुरू करतो म्हणाला. बोर्डाला वीज लॅपटॉपमधून मिळत होती. त्याने वायर उपसली आणि लॅपटॉप घेऊन आत गेला.

मेळाव्याची योजना भव्य होती. स्टेजवर बारा मुलांचे बारा दिवे एका ओळीत. रविराजची आई मुक्ताबाई बटण दाबणार, आणि दिवे आधी लाल, मग अँबर, मग हिरवे होणार. त्याआधी प्रत्येक मूल पडद्यावरच्या स्लाइडसमोर उभं राहून आपला 'प्रवास' सांगणार. तीन रविवार मुलांनी प्रवासाची तालीम केली. अपूर्वा दर वेळी म्हणे, की एकदा दिवे जोडून बघू, आणि अनिरुद्ध म्हणे, की ते आहेच. गंधारने एकदा गुपचूप डबी उघडली, तर राजनंदिनीने त्याला सांगितलं, की अजून आपला दिव्याचा टप्पा आलेला नाही.

मेळाव्याला मंगल कार्यालय गच्च भरलं. मुलांचे प्रवास उत्तम झाले. एका मुलीने "सुरुवातीच्या अपयशाने मला घडवलं" असं इतक्या तळमळीने सांगितलं, की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी डोळे पुसले. ती आठ वर्षांची होती. मग नऊवारी नेसलेल्या मुक्ताबाई स्टेजवर आल्या. त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं.

एक दिवा लागला. लाल. डावीकडून चौथा. बाकीचे अकरा तसेच.

पहिल्यांदा गंधार हलला. एकाच ठिकाणी वायर निसटली होती आणि त्याला ती जागेवरून दिसत होती. तो उठून पुढे निघाला, तसं अनिरुद्धने त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून त्याला परत बसवलं. पालकांसमोर वायरीत हात घालणं बरं दिसलं नसतं. अपूर्वा पडद्याआडून निघाली होती, तिलाही त्याने डोळ्यांनी थोपवलं. मग माइक घेतला.

"आत्ता आपण जे बघता आहात," तो म्हणाला, "त्याला मी अपयश म्हणणार नाही. या यंत्रणेने आपल्याला प्रामाणिकपणे सांगितलंय, की मी लाल आहे. आयुष्यात किती जण असं सांगतात?"

सभागृहात टाळ्या कडाडल्या. अनिरुद्धला कंठ फुटला. तो लालविषयी बोलला, लालला न घाबरण्याविषयी बोलला, इथून हिरव्यापर्यंतच्या वाटेविषयी तर फारच सुंदर बोलला. मुक्ताबाईंना बोट काढा असं कोणी सांगितलं नव्हतं. त्या सगळं भाषणभर वाकून बटण दाबून उभ्या होत्या. शेवटी त्यांनी लेकाला विचारलं, "सोडू का रं?" ते माइकमध्ये आलं आणि त्यालाही टाळ्या पडल्या.

त्या आठवड्यात नवीन मुलांची नावं इतकी आली, की रविराजने बटाट्याची खोली रिकामी करून तिथे बाकं टाकली. अनिरुद्धला त्याने संचालक केलं. गाळ्याच्या वर काचेची एक केबिन झाली. ती साइट त्याने पुन्हा उघडली आणि लिहिलं, की एका लहानशा दिव्याने मला नेतृत्व नव्याने शिकवलं. बाणेरच्या त्या चपलावाल्या मुलानेही अंगठा दाखवला.

घरी सांगितलं तेव्हा सुनीती पेपर तपासत होती. "म्हणजे तू आता शिकवणार?" तिने विचारलं.

"छे. शिकवायला अपूर्वा आहे."

"मग ठीक," ती म्हणाली आणि लाल पेनाने कोणाचं तरी शून्य गोल केलं.

पण अपूर्वा राहिली नाही. चार वर्ग घ्या, प्रत्येक मुलाचा साप्ताहिक अहवाल द्या, आणि दिवे हाताळल्याने खराब होतात म्हणून ते महिन्यातून एकदाच काढा, असं ठरल्यावर तिने जाते म्हणून सांगितलं. अनिरुद्धने तिला केबिनमध्ये बसवलं. तो म्हणाला, की संस्थेची नव्याने रचना होते आहे. यात कोणाच्या कामगिरीचा प्रश्न नाही. बोलता बोलता त्याला जाणवलं, की आपली वाक्यं अजून जशीच्या तशी शाबूत आहेत.

अपूर्वाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, एक विचारू? तो सिग्नलचा रंग तुम्ही केला होतात का? तुम्ही दाखवायला आणलाच नाहीत."

"केला होता."

"स्वतः?"

"लाल पूर्ण," तो म्हणाला. "हिरवा ऐंशी."

तिचा चेहरा एकदम खुलला. पहिल्यांदाच ती त्याच्याकडे विद्यार्थ्याकडे बघावं तशी बघत होती. "ऐंशी बरोबर आहे. माझा पण तिथेच येतो. छान वाटतं ना, तो असा येतो तेव्हा?"

"हो," तो म्हणाला. या प्रसंगासाठी त्याच्याकडे वाक्यच नव्हतं.

"मग तुम्ही हे सगळं का करता?"

त्याने काचेतून खाली पाहिलं. हमाल टेम्पोतून पोती उतरवत होते. "एका दिव्यावर कोणी ओळखत नाही गं," तो शेवटी म्हणाला. तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही, ऐकू आलं म्हणून.

जाण्याआधी त्याने तिच्याकडून कामाच्या हस्तांतराचा सविस्तर तक्ता भरून घेतला. कुठली वस्तू किती, कोणता विषय कुठवर, सगळं. तिने निमूटपणे भरला.

पुढच्या रविवारी बटाट्याच्या खोलीत चोवीस मुलं बसली होती. नवा शिक्षक अजून मिळाला नव्हता, म्हणून संचालक स्वतः आले होते. गंधार या वेळी आला नव्हता. राजनंदिनी हजेरी घेत होती. मुलांना डब्या द्याव्यात म्हणून अनिरुद्ध लोखंडी कपाटाकडे गेला. दार उघडेना. किल्ली टेबलात नव्हती, केबिनमध्ये नव्हती. त्याने हस्तांतराचा तक्ता काढला. त्यात किल्लीचा रकानाच नव्हता. तक्ता त्याने स्वतः आखला होता.

नाइलाजाने त्याने अपूर्वाला फोन लावला. तिच्या मागे कुठेतरी मुलांचा गलका ऐकू येत होता. कपाटाची किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, असं त्याने विचारलं.

"कपाटाला कुलूप नाहीच आहे, काका," ती म्हणाली. "दार जरा वर उचलून ओढायचं. खाली घासतं ते."

अनिरुद्धने आभार मानले आणि ही माहिती आपण संबंधितांपर्यंत पोचवू, असं सांगितलं. मग त्याने घड्याळ पाहिलं. प्रगती सांगण्याची वेळ झाली होती. तो मुलांकडे वळला, शर्ट नीट केला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.